आधीं तपास, मग तक्रार

रोगाचें निदान झाल्यावांचून औषध देऊं नये, हा वैद्यकांतील पहिला नियम होय. परंतु संसारांतील इतर दुखण्यांच्या बाबतींत आपण हा नियम सहसा पाळीत नाहीं. अलीकडे घरोघरीं ऐकूं येणारी एक तक्रार घ्या: "आमचें इंटरनेट फार मंद चालतें." घरांत फायबरची जोडणी असते, दरमहा पैसे भरले जातात, तरी चित्र अडकतें, आवाज तुटतो, आणि मग कोणाच्या तरी माथीं खापर फोडलें जातें. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, असें खापर फोडण्यापूर्वीं दोष नेमका कोठें आहे हें शोधणें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाचें कर्तव्य आहे. आणि हें काम शाळेंतील मुलामुलींसही सहज साधण्यासारखें आहे.

हा धडा आम्हांस कसा मिळाला, तें प्रांजळपणें सांगतों. गेल्या पावसाळ्यांत आमचा दहावींतील मुलगा रात्रीं आपल्या खोलींत बसून संगणकावर गणिताची शिकवणी पाहत असे. शिकविणारांचें चित्र वारंवार थिजे व सिद्धता अर्ध्यावरच तुटे. "तूंच दुसरीकडे कांहीं खेळ चालूं ठेवीत असशील," असें म्हणून आम्ही त्याजवर रागावलों. तो नाहीं म्हणाला. आम्हीं तें ऐकून घेतलें नाहीं. पुढें आमचा राग कंपनीकडे वळला. तक्रार नोंदविली, भर पावसांत एक तरुण कारागीर आला, आणि त्यासही आम्हीं चार शब्द सुनावले. त्यानें उत्तर न देतां पिशवींतून एक तार काढली, ती राउटरपासून थेट संगणकास जोडली, आणि वेग मोजून दाखविला. आम्ही सेकंदास १०० मेगाबिट वेगाचे पैसे भरीत होतों. मापन ९४ आलें. मग तार काढून मुलाच्या खोलींत तेंच मापन केलें, तें अवघें ६ आलें! कारण उघड होतें. पाहुण्यांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून तो राउटर आम्हींच लोखंडी कपाटामागें ठेविला होता, आणि तेथून मुलाच्या खोलीपर्यंत दोन जाड दगडी भिंती होत्या. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचा हा प्रकार आमच्या हातून एकदां नव्हे, दोनदां घडला.

अशी चूक कां होते, हें कळण्यास या मार्गाची थोडी ओळख हवी. फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा तंतु. त्यांतून संदेश प्रकाशरूपानें जातो. अशा तंतूंच्या जुडग्यांतून चित्र पोंचवितां येतें, हें १९५४ सालीं प्रसिद्ध करणाऱ्या दोघां संशोधकांपैकीं एक नरिंदरसिंह कपानी हे पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले होते. पुढें १९६६ सालीं चार्ल्स काओ यांनीं काच पुरेशी शुद्ध केल्यास प्रकाश दूरवर नेतां येईल असें दाखविलें, आणि २००९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या घरीं येणाऱ्या तंतूंतील प्रकाश बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वांटलेला असतो. घरांतील पेटींत त्या प्रकाशाचे विजेचे संदेश होतात, आणि तेथून पुढें राउटर ते रेडिओलहरींनीं खोल्याखोल्यांत पाठवितो. म्हणजे नळाची मोठी वाहिनी दारापर्यंत आली, तरी घागर भरते ती शेवटच्या तोटीनें. तोटीच बारीक असेल, तर नगरपालिकेस दोष देऊन काय उपयोग?

म्हणून तपास क्रमानें करावा. प्रथम इतर सर्व यंत्रें बंद करून एक संगणक तारेनें राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. हें मापन सकाळीं, दुपारीं व रात्रीं नऊच्या सुमारास, असें तीन दिवस करून वहींत लिहून ठेवावें. मग तार काढून राउटरजवळ, आणि त्यानंतर प्रत्येक खोलींत मोजावें. तारेनें वेग पुरा येतो व खोलींत येत नाहीं, तर दोष घरांतला आहे. अशा वेळीं राउटर कपाटांतून काढून घराच्या मध्यभागीं, उंच व मोकळ्या जागीं ठेवावा. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतींतून अधिक जाते, परंतु मंद असते, आणि तेथें शेजाऱ्यांच्या राउटरांची व मायक्रोवेव्ह शेगडीची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान, पण भिंतींपुढें लवकर हतबल होते. जवळच्या यंत्रांस दुसरी व दूरच्यांस पहिली, हा साधा नियम होय.

आणखी कांहीं फसवीं स्थळें आहेत. ३०० मेगाबिटांची योजना असूनही तारेनें दर वेळीं ९४-९५ च येत असतील, तर ती तार किंवा जोडणीची खांच जुनी असावी. तारेंतील आठ बारीक तारांपैकीं एक तुटली तरी वेग शंभरावर येऊन थांबतो. कधीं एखादा मोबाइल घरांतील सारीं छायाचित्रें गुपचूप वर पाठवीत असतो. कधीं महिन्याची ठरलेली मर्यादा संपल्यामुळें कंपनीनें करारानुसार वेग उतरविलेला असतो. आणि कधीं दोष नसतोच, केवळ हिशेब चुकतो: मेगाबिट व मेगाबाइट यांत आठपटींचा फरक असल्यानें १०० मेगाबिटांच्या जोडणींतून सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. येथें गणिताचा तास उपयोगी पडतो, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां कोणी म्हणेल, "आम्ही पैसे मोजतों, हा खटाटोप आम्हीं कां करावा?" आमचें उत्तर असें कीं, तो आपल्याच हिताचा आहे. पुष्कळ पालक वेग कमी वाटतांच महाग योजना घेतात. परंतु कपाटामागें दडलेल्या राउटरला ३०० मेगाबिट दिले, तरी दूरच्या खोलींत तीच रड राहते. दरमहा जे रुपये पुस्तकांस लागले असते, ते भिंतींत जिरतात. शिवाय दोष खरोखर कंपनीचा असेल, तर आपली वहीच आपली साक्षीदार ठरते. तारेनेंही सर्व वेळीं वेग कमी येत असेल, तर बाहेरच्या तंतूंत, त्याच्या सांध्यांत किंवा पेटींत बिघाड संभवतो. केवळ रात्रींच वेग उतरत असेल, तर वांटणींत गर्दी होत असावी. पेटीवरचा लाल दिवा लागल्यास प्रकाशच पोंचत नाहीं असें समजावें. तंतु कोठें दारांत चेपला किंवा तीव्र वळला आहे काय, तें पाहावें. मात्र त्याचें टोंक उघडून डोळ्यासमोर कदापि धरूं नये, कारण त्यांतील प्रकाश अदृश्य असून डोळ्यांस अपाय करूं शकतो. मग तारखा व आंकडे सांगून तक्रार करावी आणि तिचा क्रमांक मागून घ्यावा. निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनीं दिली आहे. पुराव्यानिशीं केलेली मागणी टाळणें कोणासही जड जातें; केवळ आरडाओरडा टाळणें फार सोपें असतें.

आमचा राउटर आतां मधल्या वाटेंतील फळीवर उघडा असतो. त्याच खोलींत मापन ५८ आलें, आणि शिकवणी सुरळीत चालूं लागली. त्या रात्रीं आम्हीं मुलाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशीं त्या कारागिरासही फोन करून मागितली. तो म्हणाला, "साहेब, रोज दोन-तीन घरीं हेंच असतें." या वाक्यानें आम्ही अधिकच खजील झालों, कारण इतक्या घरीं त्या बिचाऱ्यानें दुसऱ्यांच्या कपाटांबद्दल बोलणीं खाल्लीं असतील!

पालकांस आमची विनंती आहे कीं, पुढल्या वेळीं चित्र अडकलें तर मुलावर किंवा दारीं आलेल्या मनुष्यावर शब्द टाकण्यापूर्वीं एक तार व एक वही हातीं घ्यावी. आणि विद्यार्थिमित्रहो, हें मापन तुम्हींच करा. आपल्या घरीं करा, शेजारच्या आजीआजोबांच्या घरींही करा. प्रयोगशाळेंत एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहण्याची जी शिस्त तुम्ही शिकतां, तिचा उपयोग परीक्षेपुरता नाहीं. ती शिस्त आमच्या अंगीं त्या रात्रीं असती, तर एका निरपराध मुलास मान खालीं घालून बसावें लागलें नसतें.