वेशीवरचा पहारेकरी

घरचा पत्ता लिहा म्हटलं तर तुम्ही काय लिहाल? नाव, गल्ली, मु. पो. मेहकर, जि. बुलडाणा आणि शेवटी पिन कोड ४४३३०१. हा सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्याची रचना केली टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. आपले मराठीच बरं का, आणि संस्कृतचे कवीसुद्धा! पत्ता असला की पत्र बरोबर घरी येतं. पण घराला स्वतःचा पत्ताच नसेल तर? आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात हाच पेच पडला.

माझे बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. ते गेले, पण त्यांच्या कॅसेटी आणि लग्नकार्यातल्या व्हिडिओ फिती घरात राहिल्या. सुटीत आम्ही बसून त्या एकेक करून जुन्या संगणकात उतरवल्या. त्या संगणकात जेलीफिन नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला. म्हणजे घरचंच छोटं दूरदर्शन केंद्र! संगणक माळ्यावर आणि चित्र बैठकीतल्या टीव्हीवर. आई रोज दिवेलागणीला एक भजन लावायची.

मग आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ती तीन महिन्यांसाठी पुण्याला भावाकडे गेली. चौथ्या दिवशी फोनवर म्हणाली, "सगळं चांगलं आहे गं इथं. पण संध्याकाळी यांचा पखवाज ऐकू येत नाही."

तुम्ही म्हणाल, पेनड्राइव्ह पाठवायचा! पाठवलाही. पण आम्ही इकडे रोज नवी फीत उतरवत होतो आणि आईला नेमकी न पाठवलेलीच हवी असायची. तेव्हा आमच्या आठवीतल्या लेकीनं ठरवलं, की मेहकरचा संगणक थेट पुण्याच्या टीव्हीला जोडायचा.

आता इथं थोडं समजून घेऊ. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो ३२ खटक्यांचा असतो, प्रत्येक खटका ० किंवा १. एकाला दोनानं असं ३२ वेळा गुणत जा बघू! ४,२९,४९,६७,२९६ येतात. विंट सर्फ आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७०च्या दशकात हा आकडा धरला आणि १९८१ साली तो नियम म्हणून छापला गेला. तेव्हा जगात संगणक मोजकेच होते, ४२९ कोटी म्हणजे समुद्रच वाटला असेल. आज माणसंच ८०० कोटींच्या वर आहेत, आणि एकेका घरात चार चार मोबाइल! ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. आपल्या आशियाच्या वाट्याचा साठाही त्याच वर्षी १५ एप्रिलला तळाला गेला. आपण रांगेत उशिरा आलो ना! भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं तेच १५ ऑगस्ट १९९५ ला.

मग नव्या घरांना पत्ते कुठून द्यायचे? इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी एक युक्ती केली. कितीतरी घरांना मिळून एकच पत्ता!

हे कसं चालतं? असं समजा, की एक गाव आहे. गावाला वेस आहे आणि वेशीवर पहारेकरी आहे. गावात तुमचा वाडा, आणि वाड्याच्या देवडीवरही एक पहारेकरी. तुम्ही बाहेरच्या दुकानाला चिठ्ठी पाठवली, की दोघंही आपापल्या वहीत टिपून घेतात: अमक्या खोलीतून चिठ्ठी गेली, अमक्या दुकानाकडे. उत्तर आलं की वही बघून ते बरोबर तुमच्या खोलीत पोहोचवतात. म्हणून तर एका पत्त्यावर अनेक घरं असूनही आपल्याला गाणी, चित्रपट, अभ्यास सगळं मिळतं. चिठ्ठी आपण आधी पाठवलेली असते.

पण बाहेरून एखादा पाहुणा आपणहून आला तर? पहारेकरी वही उघडतो, नोंद सापडत नाही, पाहुण्याला परत पाठवतो. पुण्याचा टीव्ही हा असाच पाहुणा होता.

लेकीनं आधी देवडीवरच्या पहारेकऱ्याला, म्हणजे आमच्या राउटरला, सांगून ठेवलं: ८०९६ क्रमांक विचारत कोणी आलं तर त्याला माळ्यावरच्या संगणकाकडे धाड. (जेलीफिनच्या दाराचा हा क्रमांक.) सगळं बरोबर केलं होतं. तरी पुण्याचा पडदा काळाच! दोन रविवार यात गेले. मी तर संगणकच बिघडला म्हणून मोकळी झाले होते.

चूक तिलाच सापडली. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता दिसत होता १००.८१ ने सुरू होणारा. आणि 'माझा पत्ता सांगा' अशा संकेतस्थळावर पाहिलं तर तिथं भलताच आकडा! दोन पत्ते वेगळे, म्हणजे मध्ये आणखी कोणीतरी उभं आहे. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे सुमारे ४२ लाख पत्ते खास याच कामासाठी, वेशीच्या आतल्या वापरासाठी, बाजूला काढून ठेवले आहेत. आम्ही देवडीवरच्याला सांगत बसलो होतो आणि पाहुणा अडत होता वेशीवर. तो पहारेकरी कंपनीचा. तो आपलं का ऐकेल?

तुम्हीही आईबाबांना सोबत घेऊन हे दोन आकडे ताडून पाहा. सारखे निघाले तर तुमच्या घराला स्वतःचा पत्ता आहे. वेगळे निघाले तर तुम्ही आमच्याच गावचे!

आम्ही कंपनीला फोन केला. स्वतंत्र पत्ता मिळतो, पण दरमहा वेगळे पैसे आणि "तुमच्या भागात सध्या नाही." दुसरा उपाय म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, आयपीव्ही६. त्यांत ३२ नव्हे, १२८ खटके असतात आणि एकूण पत्त्यांची संख्या ३९ आकडी! त्यात वाटून घ्यायची गरजच नाही. खरा उपाय हाच. पण तो दोन्ही टोकांना हवा आणि आमच्या जोडणीवर काही तो चालू होईना.

मग तिसरा. पाहुण्याला आत घेता येत नसेल तर घरच्यानंच बाहेर जावं! टेलस्केल नावाचा प्रोग्राम आमच्या संगणकावर आणि भावाच्या टीव्हीवर घातला, दोन्हीकडे एकाच खात्यानं. दोघंही आपापल्या वेशीतून बाहेर चिठ्ठी पाठवतात, एका ठरलेल्या ठिकाणी. तिथं त्यांना एकमेकांचा बाहेरचा पत्ता कळतो. मग एकाच वेळी दोघं एकमेकांना हाक मारतात. दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांच्या वहीत 'आपला माणूस बाहेर गेला' अशी नोंद पडलेली असते. म्हणून समोरून आलेली हाक त्यांना उत्तर वाटते आणि ते आत सोडतात! कधी पहारेकरी फारच कडक निघाला तर मधल्या ठिकाणातून निरोप पोहोचवला जातो, थोडा सावकाश. निरोप कुलूपबंद असतो, मधल्याला वाचता येत नाही.

लेक ओरडली, "आई, यानं दिलेला पत्तापण शंभरनंच सुरू होतो!" खरंच होतं. टेलस्केलही त्याच राखीव पत्त्यांतले आकडे आपल्या यंत्रांना देतं. बाहेर त्यांचा उपयोग नाही, फक्त आपल्या दोन यंत्रांत. टीव्हीवरच्या जेलीफिनमध्ये तो पत्ता आणि पुढं ८०९६ घातलं.

एक गोष्ट मात्र मी तिला बजावली. खात्याचा पासवर्ड मैत्रिणीलाही सांगायचा नाही, आणि असली जोडणी मोठ्यांना न विचारता करायची नाही. घराचं दार आहे ते, खेळणं नव्हे.

पहिल्या संध्याकाळी चित्र अडखळत होतं. आमच्या जोडणीवर घरात येणारा वेग भरपूर, पण घरातून बाहेर जाणारा कमी. लेकीनं चित्राचा दर्जा एक पायरी उतरवला तेव्हा ते सुरळीत झालं. दुसऱ्या संध्याकाळी मेहकरची वीज गेली आणि पुण्यात बाबा मध्येच थांबले! यावर मात्र कुठलाच प्रोग्राम नाही. शेवटी संगणकाला आणि राउटरला इन्व्हर्टरवर घेतलं.

तिसऱ्या संध्याकाळी फोन आला. मागून पखवाज ऐकू येत होता. मी विचारलं, "दिसतंय का नीट?"

"दिसतंय गं," आई म्हणाली. "आता फोन ठेव. यांचा तिहाईचा तुकडा यायचा आहे."