अंदाज चुकू लागला तर

धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरापाशी मोटार मागे घेताना मान पुरती वळत नाही, अंतराचा अंदाज चुकतो आणि ज्येष्ठ चालक मनातून खचतो. अशा वेळी सेन्सर उपयोगी पडतो. १ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींना मागील बाजूस तो बंधनकारक आहे. जुन्या मोटारीलाही बसवता येतो. त्याच्या ध्वनिलहरी अडथळ्यावर आदळून परततात. अंतर घटते तसा इशाऱ्याचा आवाज जलद होतो. मात्र बारीक खांब किंवा खाली बसलेले मूल त्यातून निसटू शकते. म्हणून आधी उतरून पाहावे. अंदाज वारंवार चुकत असल्यास मोतीबिंदू, काचबिंदूची तपासणी करावी. कुटुंबीयांनी वडीलधाऱ्यांची किल्ली काढून घेण्याआधी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.