जुन्या सायकलला नवे हँडल

‘फिट इंडिया’ची ‘संडेज ऑन सायकल’ ही मोहीम डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. रविवारच्या या फेऱ्यांच्या छायाचित्रांत गिअरच्या चकचकीत सायकली उठून दिसतात. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या सुमारे निम्म्या घरांत सायकल आहे आणि त्या सगळ्या काही नव्या नाहीत. पन्नाशीच्या आसपास रक्तातली साखर वाढते, डॉक्टर व्यायाम सांगतात आणि माणूस जिन्याखालची जुनी सायकल बाहेर काढतो. टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, तेलपाणी झाले, की दुकानात पुढचा सल्ला मिळतो : ‘हँडलपण बदलून टाका, सायकल नवी वाटेल.’

एवढ्या दुरुस्तीत हा एकच निर्णय थेट वैद्यकीय आहे, आणि तो बहुतेक वेळा दिसण्यावरून घेतला जातो.

जुन्या काळ्या सायकलचे हँडल मागे, चालवणाऱ्याकडे वळलेले असते. माणूस ताठ बसतो, वजन सीटवर पडते आणि हात केवळ दिशा देतात. त्या जागी सरळ दांड्याचे हँडल बसवले, की मुठी काही इंच पुढे जातात. तेवढ्यासाठी कंबर वाकते, मान वर उचलावी लागते आणि वजनाचा मोठा वाटा तळहातांवर येतो. तिशीतल्या माणसाचे शरीर हे चालवून घेते. मानेचे मणके झिजू लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच मान आणि खांदे त्याची जाणीव करून देतात.

हाताचे दुखणे जास्त फसवे असते. करंगळीच्या बाजूने मनगटातून तळहातात जाणारी अल्नर नावाची नस तिथे एका अरुंद वाटेतून जाते. हँडलची मूठ नेमकी तिच्यावर दाबते. आधी करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. काहींना बधिरपणा येतच नाही, फक्त ताकद कमी होते : कुलपात किल्ली फिरवता येत नाही, शर्टाचे बटण लागत नाही, अंगठा आणि तर्जनीत धरलेला कागद सहज ओढला जातो. मधुमेहात नसा आधीच नाजूक झालेल्या असतात, त्यामुळे कमी दाबही त्यांना सोसत नाही. म्हणजे ज्याला आपण आग्रहाने सायकल चालवायला सांगतो, त्यालाच हा त्रास व्हायचा धोका जास्त.

बाह्यरुग्ण विभागात असा हात समोर आला, की निदान ‘शुगरमुळे’ किंवा ‘मानेमुळे’ असे पटकन होते. मधुमेहाचा बधिरपणा सहसा पायांपासून सुरू होतो. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होते, तेही तपासायला हवे. पण पाय ठीक, बधिरपणा फक्त करंगळीकडे आणि तोही सायकलवर अर्धा तास झाल्यावर, असे असेल तर सायकलबद्दल विचारलेच पाहिजे. दाब काढला तर हात बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतो. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोल गेलेला दिसला, तर मात्र वाट पाहू नये.

यावर उपाय म्हणून सायकल सोडायची गरज नाही. आधी सीट पाहावी. तिचे टोक खाली झुकले असेल तर माणूस सतत पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. मग हँडल उंच आणि जवळ आणावे. हँडल बदलायचेच असेल, तर मागे वळलेले घ्यावे, म्हणजे मनगट सरळ राहते. फॅशन नेमकी याच्या उलट आहे, त्याला इलाज नाही.

हँडल उंच करताना स्टेमशी गाठ पडते. स्टेम म्हणजे हँडल पकडून चिमट्याच्या नळीत उतरणारी उभी दांडी. जुन्या सायकलींत तिच्या तळाशी पाचर असते. वरचा लांब बोल्ट आवळला, की ती पाचर नळीत घट्ट बसते. दांडीवर कमीत कमी किती भाग आत राहायला हवा याची खूण कोरलेली असते आणि ती बाहेर दिसता कामा नये. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही खूण दांडीच्या तळापासून तिच्या व्यासाच्या किमान अडीच पट वर असावी लागते. नेहमीच्या २२.२ मिलिमीटर दांडीसाठी म्हणजे सुमारे साडेपाच सेंटिमीटर. उंचीच्या हव्यासाने खूण बाहेर आली, तर खड्ड्यात चाक आदळताच दांडी निखळू शकते किंवा नळी फाटू शकते. अजून उंची हवी असेल, तर लांब दांडीचे स्टेम घ्यावे. आहे तेच ओढून लांब होत नाही.

मापांचा घोळही मोठा आहे. स्टेमच्या पकडीत बसणारा हँडलचा भाग कुठे २५.४, कुठे २६, तर नव्या सायकलींत ३१.८ मिलिमीटरचा असतो. पहिल्या दोन मापांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, पण ब्रेक दाबताना सगळे वजन पुढे येते तेव्हा ढिले हँडल गर्रकन फिरते. पत्र्याची पट्टी कोंबून ते घट्ट करायची पद्धत बंद व्हायला हवी. सळईचे ब्रेक असलेल्या सायकलला तर नुसते हँडल बदलून भागत नाही. ब्रेकचे लिव्हर त्या हँडलवरच बसवलेले असतात, त्यामुळे ब्रेकचा संपूर्ण विचार करावा लागतो. केबलचे ब्रेक असतील, तर उंच केलेले हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. केबल ताणली जात असेल तर ती अपुरी आहे. ॲल्युमिनियमचे जुने हँडल भंगारातून स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. स्टील बहुधा आधी वाकते. थकलेले ॲल्युमिनियम पूर्वसूचना न देताही तुटते.

दुकानातून निघण्याआधी पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरावे आणि हँडल जोर लावून पिळावे. ते चाकाला सोडून फिरले, तर सायकल तिथेच ठेवावी.

मुलांच्या सायकलबद्दल वेगळे सांगायला हवे. हँडलच्या टोकाची मूठ फाटली, की आतली नळी उघडी पडते आणि कडक गोल कड असलेले हत्यार तयार होते. मूल अगदी कमी वेगात पडते, हँडल पोटात घुसते, वर फक्त एक गोल वळ दिसतो. आत मात्र स्वादुपिंड किंवा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग पाठीच्या कण्यावर चेचला गेलेला असू शकतो; यकृत आणि प्लीहाही फाटू शकतात. मूल तासाभरात पुन्हा खेळायला लागते, आणि दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात. असा वळ दिसला, तर मूल कितीही बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि ‘पडला’ एवढेच न सांगता ‘हँडल पोटात लागले’ असे स्पष्ट सांगावे. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. मुलगी या वर्षांत वाढते, सायकल तेवढीच राहते. पुढे ती धाकट्या भावंडाकडे जाते, तोवर मुठी गळालेल्या असतात. वर्षातून एकदा शाळेच्या आवारात पाना घेतलेला सायकलवाला बसवला आणि सीट, स्टेम, मुठी एवढेच पाहिले, तर फारसा खर्च येणार नाही. रविवारच्या फेऱ्यांतही हेच करता येईल, निघण्याआधी, झेंडा दाखवायला पाहुणे येईपर्यंतच्या वेळात. तो वेळ तसाही पुष्कळ असतो.