उन्हाळी भाजीपाल्याचे रोप : पैसे मोजले, हमी कोणाची?

संक्रांत सरली की उन्हाळी लागवडीची धांदल सुरू होते. पूर्वी टोमॅटो, मिरची, वांग्याचे रोप विहिरीच्या कडेला घरच्याच गादीवाफ्यावर व्हायचे. कलिंगड-काकडीचे बी तर थेट शेतात टोकले जायचे. आज बागायती गावांत बहुतेक रोप ट्रेमधून, रोपवाटिकेतून येते. संकरित बी महाग झाले, ठिबक आणि मल्चिंग पेपर आले. छिद्र पाडलेल्या कागदावर एकही खड्डा रिकामा ठेवणे परवडत नाही. त्यामुळे शेतकरी तयार रोपाकडे वळला, त्यात चूक काही नाही. प्रश्न एवढाच, की रोप बिघडले तर जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न नवा नाही. २०२० च्या उन्हाळ्यात नगर, पुणे, सातारा, नाशिक भागांत टोमॅटोची फळे पिवळी-पांढरट, पट्ट्यापट्ट्यांची होऊन बाद झाली. लोकांनी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हटले. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा त्यांत प्रामुख्याने कुकुंबर मोझॅक विषाणू आढळला. हा विषाणू मावा पसरवतो. पण दोष बियाण्याचा, रोपाचा की शेतातल्या किडीचा, हा वाद गावोगाव राहिलाच. रोप कोणत्या लॉटच्या बियाण्याचे, ते कधी टाकले, याचा कागद हातात नसेल तर असा वाद मिटणार कसा?

२०२३ मध्ये दुसरा अनुभव आला. जुलैत टोमॅटो किरकोळ बाजारात किलोला शंभराच्या वर गेला आणि जो तो रोप शोधू लागला. सप्टेंबरात माल एकदम आला, भाव कोसळला, काहींनी टोमॅटो रस्त्यावर ओतला. भाव पाहून धावणाऱ्याला रोप निवडायला सवड नसते. मिळेल ते, मिळेल त्या वयाचे घ्यावे लागते. टोमॅटोचे रोप २५ ते ३० दिवसांचे, मिरचीचे ३५ ते ४० दिवसांचे असावे. जून झालेले, ट्रेमध्ये मुळ्या गुंडाळलेले रोप शेतात लवकर पाय धरत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. बियाणे कायदा, १९६६ मधल्या ‘बियाणे’ या शब्दाच्या व्याख्येत रोपेही धरलेली आहेत. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा वेगळा कायदा आहे. भाजीपाल्याचे रोप मात्र बऱ्याचदा साध्या चिठ्ठीवर, कधी नुसत्या तोंडी बोलीवर विकले जाते. बियाण्याच्या वादात शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे दाद मागायला दार आहे, पण त्या दारात रिकाम्या हाताने जाऊन भागत नाही. बिलावर वाण, कंपनी, लॉट नंबर, बी टाकल्याची तारीख आणि रोपांची संख्या लिहून घ्या. बियाण्याचे रिकामे पाकीट मागून ठेवा. बिघाड दिसताच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पंचनामा होईपर्यंत प्लॉट मोडू नका.

दुसरा मार्ग म्हणजे रोप घरीच करणे. हिशेब फार मोठा नाही. चार बाय दीड फुटांवर लागवड केली तर एकरी सुमारे ७,२६० रोपे लागतात. मरतूक धरून आठ हजार रोपे म्हणजे ९८ कप्प्यांचे सुमारे ८२ ट्रे झाले. ट्रेला सव्वा किलोच्या आसपास कोकोपीट लागते, म्हणजे एकूण शंभर किलो. हे सगळे दहा बाय वीस फुटांच्या जागेत मावते. बी टाकल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकावेत. जानेवारीच्या थंडीत ही ऊबच बी उगवायला मदत करते. रोज उघडून पाहावे आणि कोंब दिसताच ट्रे पसरावेत, नाहीतर रोपे लांबट, पिवळी होतात. पाणी बेताने द्यावे. ओल जास्त झाली की रोप जमिनीलगत कुजून कोलमडते. लागवडीआधी चार-पाच दिवस पाणी कमी करून ऊन दाखवले की रोप काटक होते.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. शेडनेट ऊन कमी करते, पांढरी माशी अडवत नाही. टोमॅटोचा पर्णगुच्छ आणि मिरचीचा चुरडा-मुरडा हे विषाणू पांढऱ्या माशीबरोबर येतात. ती अडवायची तर ४० ते ५० मेशची कीडरोधक जाळी हवी आणि दारही दुहेरी हवे. विकतचे रोप घ्यायला जाल तेव्हा आधी जाळी पाहा, मग भाव विचारा.

राज्य सरकारने २०२०-२१ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आणली. शेडनेट, प्लास्टिक टनेल, फवारणी पंप आणि क्रेटसाठी निम्मे अनुदान, अशी तिची रचना होती. मात्र स्वतःची एक एकर जमीन आणि पाण्याची कायम सोय ही अट होती. ज्याच्याकडे वीस गुंठेच आहेत, तो शेतकरी त्यातून बाहेर राहिला. महिला बचत गटाला सामाईक जागेवर गावापुरती रोपवाटिका उभारून दिली तर ही उणीव भरून निघेल.

ग्रामपंचायत आणि सहायक कृषी अधिकारी यांनाही एक काम बिनखर्चाने करता येईल. गावात कोणी, कोणत्या रोपवाटिकेतून, किती रोप आणले याची नोंद डिसेंबरपासूनच एका वहीत ठेवावी. एका ठिकाणचे रोप चार शेतांत बिघडले तर ते वहीतच दिसेल, आणि एकट्याची तक्रार गावाची तक्रार होईल. कोणते पीक किती लोक लावताहेत याचा अंदाजही त्याच वहीतून येईल. भाव आपल्या हातात नाही. पण रोप कुठून आले याचा कागद जपून ठेवणे तरी आपल्याच हातात आहे.