बकेट कोणी निवडली?

मंडळी, आजचा विषय आहे मिनी ट्रॅक्टरच्या पुढे लावायची लोडर बकेट. हिंजवडीत दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसानं शनिवारी सकाळी या विषयावर का लिहावं, असं वाटत असेल तर वाटू द्या. गेले काही महिने डोक्यात राग आहे आणि त्यातला निम्मा स्वतःवर आहे. तो कुठेतरी उतरवायला हवा.

तर झालं असं. नारायणगावजवळ मामाची द्राक्षबाग आहे. मामेभावानं (मी त्याला दादा म्हणतो) २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर घेतला. दोन ओळींत नऊ फूट अंतर, त्यात हेच धूड बरं. फवारणीचा ब्लोअर, छोटा रोटाव्हेटर, सगळं उत्तम चाललं होतं. मग लोडरची टूम निघाली. काढली कोणी? अर्थातच अस्मादिकांनी! अमेरिकेतले व्हिडिओ बघून. तिथला माणूस छोट्या ट्रॅक्टरला सकाळी एक बकेट लावतो, दुपारी दुसरी, संध्याकाळी ग्रॅपलनं ओंडके उचलतो आणि वर कॉफी पितो. मी दादाला धडाधड लिंका पाठवल्या. एका फॅब्रिकेटरकडे गेलो. त्यानं विचारलं, "केवढी बकेट बनवू?" दादा म्हणाला चार फुटी. मी म्हणालो, "पाच फुटी घे रे, फ्युचर-प्रूफ होईल. आणि प्लेट जाड घाला, मजबूत पाहिजे."

हे वाक्य मी बोललोय. नोंद असावी.

मजबूत बकेट आली. नुसतीचं वजन १८० किलो. आठ दिवस तिनं शेणखत भरलं, एकदम झकास. बायामाणसांनी दोन दिवस पाट्या वाहायच्या, ते काम अर्ध्या दिवसात झालं. नवव्या दिवशी पावसानं भिजलेला मुरूम भरायला घेतला. मामाच्या अंगणाला थोडा उतार आहे. सालगडी बकेट वर घेऊन उतारावरून ट्रॉलीकडे निघाला, जवळ आल्यावर ब्रेक दाबला, आणि मागची दोन्ही चाकं हवेत. त्यानं प्रसंगावधान राखून लिव्हर दाबून बकेट खाली सोडली म्हणून वाचला. स्टिअरिंग छातीत बसलं, हनुवटीला तीन टाके पडले. दवाखान्यातून येताना मला म्हणतो, "भाऊ, माझीच चूक झाली, जरा जोरात होतो."

दादा म्हणाला हळू चालवायला हवं होतं. मामा म्हणाला पोरगं नवखं आहे. फॅब्रिकेटर फोनवर म्हणाला, "आमचा लोडर हजार किलो उचलतो साहेब, ड्रायव्हरला अंदाज नाही." सगळ्यांचं एकमत. प्रॉडक्शन पडलं की सगळ्यात ज्युनिअर पोराच्या नावावर तिकीट टाकायचं, हीच पद्धत. मी काहीच बोललो नाही.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय, पहिल्या वर्षीचं मेकॅनिक्स अजून आठवतं. पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे सी-सॉचा टेकू. ट्रॅक्टर, लोडरचा सांगाडा आणि चालक मिळून साधारण ८५० किलो, त्यांचा गुरुत्वमध्य टेकूच्या मागे ०.९ मीटरवर. म्हणजे मागे ७६५. पुढे बकेट १८० किलो, आणि पाव घनमीटर ओला मुरूम, घनमीटरला १८०० किलो धरा, म्हणजे ४५०. एकूण ६३० किलो, टेकूपासून १.२ मीटर पुढे. गुणा. ७५६.

७६५ विरुद्ध ७५६! हे सपाट जागेवर, उभ्या ट्रॅक्टरचं गणित. त्यात उतार घाला, ब्रेकचा धक्का घाला. त्या पोराचं काय चुकलं, सांगा बरं? तो हळू असता तर कदाचित त्या दिवशी वाचला असता. दुसऱ्या दिवशी काय?

आणि शेणखताचं बघा. कुजलेलं शेणखत घनमीटरला सहाशे किलोच्या आसपास. तीच बकेट काठोकाठ भरली तरी माल १५० किलो, बकेट धरून ३३०. गुणिले १.२ म्हणजे ३९६. म्हणून आठ दिवस काही झालं नाही. डेव्हमध्ये पळतंय म्हणजे पळतंय, असं समजून आम्ही लोड टेस्टिंग थेट माणसावर केलं.

"हजार किलो उचलतो" हे वाक्य खोटं नसतं, हीच तर गोम आहे. सिलिंडर उचलतोच. पण सिलिंडर उचलतो म्हणजे ट्रॅक्टर पेलतो असं नाही. शिवाय तो आकडा बहुतेकदा बकेट जिथे पिनेनं जोडतात तिथला असतो. माल असतो त्याच्या पुढे. अर्धा मीटर पुढे सरकलात की आकडा घसरतो, आर्म पूर्ण वर नेलेत की आणखी घसरतो. बकेट विकणारा तुम्हाला रुंदी सांगतो, प्लेटची जाडी सांगतो, लिटर सांगतो. बकेटचं स्वतःचं वजन सांगत नाही. मीही विचारलं नव्हतं. छोट्या ट्रॅक्टरवर पहिला प्रश्न तोच हवा, कारण रिकाम्या बकेटचा प्रत्येक किलो तुमच्या मालातून वजा होतो, दर फेरीला, जन्मभर.

आता माझा मुद्दा ऐका, थोडा कडू आहे. हे "एकच घ्या, सगळं करा" प्रकरण बंद करा. आम्हा आयटीवाल्यांना (हल्ली मुळशीत नाहीतर वेल्ह्यात गुंठा-दोन गुंठ्यांवरून शेतकरी झालेले कित्येक जण माझ्या टीममध्ये आहेत) जास्त फीचर्सवालं काहीही बघितलं की हात शिवशिवतात. जबड्यासारखी उघडणारी फोर-इन-वन बकेट बघा. खणते, धरते, सपाट करते, तळातून सोडते. सुंदर चीज आहे, मोठ्या लोडरवर. पण तिला जादा सिलिंडर, जादा बिजागरी, जादा हायड्रॉलिक लाइन. आधीच माल कमी उचलणाऱ्या ट्रॅक्टरच्या नाकावर हे सगळं ओझं टांगायचं आणि वर्षातून दोनदा तो जबडा उघडायचा! क्विक कपलरचंही तेच. तो सोयीचा आहे, नाही म्हणत नाही, पण स्वतःचं वजन आणतो आणि बकेटला चार बोटं पुढे ढकलतो. सी-सॉवर चार बोटंही मोजावी लागतात.

उलट, खास एका कामाची बकेट मला आता पटली आहे, आणि बहुतेक वेळा ती हलकीच असते. शेणखताला दातांचा फोर्क. उकिरड्यात काड, पाचट गुंतलेलं असतं, बकेटची धार त्यावर घसरते, दात मात्र सरळ आत जातात. (पूर्ण कुजून चहापत्तीसारखं झालेलं खत त्यातून गळतं, तिथे साधी बकेटच बरी.) दगड वेचायला जाळीची बकेट. माती खाली गळते, दगड वर राहतात, त्यामुळे विनाकारण माती उचलून नेत नाही. मुरूम-मातीला अरुंद, उथळ, चार फुटांच्या आतली. ती भरली तरी ट्रॅक्टरच्या ऐपतीबाहेर जाता येत नाही, हाच तिचा गुण. छाटणीच्या काड्या आणि भुसा यांना हवी तेवढी मोठी बकेट करा, पण पातळ पत्र्याची. फक्त एक धोका आहे. अशी मोठी बकेट दारात उभी असली की कोणीतरी कधीतरी तिच्यात वाळू भरणारच.

बकेटच्या ओठाला शिकंजानं अडकवायचे फोर्क मिळतात, ते घेऊ नका. ओठ वाकतो आणि माल आणखी पुढे जातो. बोल्टनं लावायची दातांची पट्टी चांगली, कडक जमिनीत घुसते, पण सपाटीकरणाला काढून ठेवा, नाहीतर अंगणाला नांगर लागल्यासारखं दिसतं. आणि बकेट पूर्ण उलटी करून रिव्हर्समध्ये खरवडायची हौस असेल तर आवरा. बाहेर आलेला सिलिंडरचा रॉड वाकतो. आमचा एक वाकलाय :)

लोक म्हणतात, एवढी कटकट कशाला, जेसीबी तासावर मिळतो की. बरोबर आहे! शेततळं खणायचंय, विहिरीचा गाळ काढायचाय, तर जेसीबीच बोलवा. मिनी ट्रॅक्टरचा लोडर हे खणायचं यंत्र नाहीच. ते सुटा माल उचलायचं यंत्र आहे. पण नऊ फुटांच्या ओळीत जेसीबी शिरत नाही, दोन ट्रॉली खतासाठी तो येतही नाही, आणि पाट्या वाहायला आता माणसं मिळत नाहीत. का मिळावीत? कंबर मोडणारं काम आहे. म्हणून लोडर नकोच, असं मी म्हणत नाही. तो नीट घ्या म्हणतोय.

त्या व्हिडिओवाल्याच्या ट्रॅक्टरला मागे काय होतं, ते मी पाहिलंच नव्हतं. पुन्हा लावून बघितलं. मागच्या थ्री-पॉइंटवर वजनाचा डबा होता, आणि डोक्यावर लोखंडी कमान. गिअरही बघा. त्याच्याकडे हायड्रोस्टॅटिक, पायानं पुढे-मागे. आमच्याकडे क्लच. लोडरच्या कामात तासात शंभरदा पुढे-मागे होतं, प्लेट कुठवर टिकणार?

आम्हीही मग मागे डबा केला, अँगलची चौकट आणि आत काँक्रीट, २५० किलो. टेकूपासून २.२ मीटर मागे. म्हणजे ५५० ची भर! ७६५ चे १३१५ झाले. आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरचा भारही कमी झाला, जे टायरमध्ये पाणी भरून होत नाही, कारण ते वजन मागच्या अ‍ॅक्सलवरच बसतं. इतकी साधी गोष्ट, आणि लोडर विकताना कोणी एका शब्दानं सांगत नाही. मागे वजन नसेल तर लोडर लावायचाच नाही, एवढी पाटी तरी लिहा लेको!

आणखी एक. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा फक्त मागच्या चाकांना असतात. फोर व्हील गुंतवलेलं नसेल आणि मागची चाकं उचलली गेली, तर तुमच्याकडे ब्रेक नाही. विषय संपला. आणि पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनेवर डुलतो, त्यामुळे आडव्या उतारावर तुम्ही चार चाकांवर नव्हे, तीन टेकूंच्या त्रिकोणावर उभे असता. बकेट वर नेली की गुरुत्वमध्य वर जातो आणि ट्रॅक्टर कलंडायला थोडा उतार पुरतो. म्हणून भरलेली बकेट जमिनीलगत ठेवून चालायचं, वर घ्यायची ती ट्रॉलीपाशी थांबल्यावर. हे आम्ही सालगड्याला आधी सांगितलं नव्हतं. कोणी सांगायचं? ज्यानं बकेट निवडली त्यानं. म्हणजे मी.

हे मी त्याला गेल्या महिन्यात सांगितलं. टाक्यांचा व्रण आता पांढरा पडलाय. कागदावरचं गणित दाखवलं, तर तो शांतपणे म्हणाला, "मग भाऊ, तवाच बोलायचं ना घरात." मामाच्या घरात, दादासमोर. माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर बोललो. दादा बराच वेळ भाकरी मोडत बसला, मग म्हणाला, "दवाखान्याचे पैसे त्याच्या उचलीत धरलेत, ते काढून टाकतो."

पाच फुटी बकेट अजून आहे. तिच्या आत त्यानं ऑइलपेंटनं दोन रेषा मारल्यात, खालची पांढरी मुरमाची, वरची पिवळी खताची. कमानीची ऑर्डर दिली आहे, दुमडणारी, कारण मांडवाच्या तारांना अडकते अशी दादाची तक्रार होती. मी म्हटलं बागेत दुमड, बाहेर आलास की उभी कर आणि पट्टा लाव. तो म्हणतो बघू. पुढच्या शनिवारी जातोय बघायला.