लायसन मिळालं, पण पिस्तुलाचं कव्हर नीट बसतंय का?

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा विषय राज्यभर गाजला. परवान्यांचा आकडा हजाराच्या वर निघाला, पिस्तूल मिरवणारे व्हिडिओ बाहेर आले, अनेक परवाने रद्द झाले. चर्चा झाली ती परवाना कुणाला द्यायचा याची. मिळालेलं शस्त्र कमरेला कसं ठेवायचं, यावर मात्र कुणी फारसं बोललं नाही.

खरं तर नियम स्पष्ट आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे आपण ज्याला कव्हर म्हणतो त्यात पाहिजे. शस्त्र पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा पाहिजे. म्हणजे पायजम्याच्या नाडीत खोचलेलं किंवा सदरा वर करून दाखवलेलं पिस्तूल परवान्याचं असलं तरी नियमात बसत नाही. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसरा प्रश्न जिवाचा. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. गोळी सुटायला भांडणच लागतं असं नाही. मग मोटारसायकलवर खड्ड्यातून जाताना, बांधावरून उडी मारताना ढिल्या कव्हरमधलं शस्त्र पडलं तर?

‘सगळ्याला चालतं’ म्हणून विकलं जाणारं कव्हर इथंच फसवतं. रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं चक्र जाड असतं, पिस्तूल चपटं असतं. एकाचं कव्हर दुसऱ्याला नीट बसत नाही. नळीची लांबीही जुळावी लागते. त्यामुळे आपल्याच मॉडेलचं कव्हर मागावं.

घेताना चार गोष्टी बघाव्यात. ट्रिगर पूर्ण झाकला जातो का आणि बाहेरून बोट आत जात नाही ना? शस्त्र काढल्यावर कव्हरचं तोंड उघडं राहतं का? मऊ पडलेलं जुनं चामडं आत दुमडून ट्रिगरला अडकू शकतं आणि शस्त्र आत सारताना बार उडू शकतो. वरचा पट्टा किंवा बटण घट्ट लागतं का? आणि कमरेचा पट्टा जाड आहे का? पातळ पट्ट्यावर वजन लोंबकळतं.

शस्त्र पूर्ण रिकामं करून, दोनदा तपासून कव्हरमध्ये घालावं आणि गादीवर उलटं धरून हलवावं. पडलं तर ते कव्हर कामाचं नाही.

घरी मात्र शस्त्र चामड्याच्या कव्हरमध्ये महिनोन् महिने ठेवू नये. चामडं ओल धरतं, पावसाळ्यात गंज चढतो. शस्त्र रिकामं करून, पुसून कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेलं शस्त्र परत आलं की कमरेला लावण्याआधी कव्हरची शिलाई, बटण आणि तोंड पुन्हा तपासून घ्यावं.