घाट बंद करा म्हणे!

पावसाळा सुरू झाला की आमच्या कट्ट्यावर एक ठराव दरवर्षी मंजूर होतो : "रविवारी घाटात दुचाक्यांना बंदी घाला." ठराव मांडणारे बहुतेक चारचाकीवाले, हे वेगळं सांगायला नको. घरीही तोच सूर. सूनबाई म्हणतात, "बाबा, या वयात मोटारसायकल कशाला?" पुतण्या फोनवर म्हणतो, "काका, तुम्हीसुद्धा त्या हुल्लडबाजांत?" एकेकाला उत्तर देण्याचा कंटाळा आला, म्हणून हे जाहीर उत्तर. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

मी सत्तरी ओलांडलेला निवृत्त मास्तर. माझी गाडी साधी, शंभर सीसीची. वर्षातून चार-पाच वेळा पहाटे निघायचं. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, मग ताम्हिणी घाट उतरून खाली विळ्यापर्यंत, आणि अंधार पडायच्या आत घरी. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. साडेतीनशे रुपयांचं पेट्रोल, दोन चहा आणि एक पिठलं-भाकरी. एवढ्या पैशांत सह्याद्रीचा माथाही बघून होतो आणि कोकणाचा उंबराही. नव्याने नोकरीला लागलेल्या पोराला, कारखान्यातल्या कामगाराला, पेन्शनीतल्या मास्तराला परवडेल असं दुसरं पर्यटन कोणतं आहे, ते कट्ट्यावरच्या विद्वानांनी सांगावं. दुचाकीवरची बंदी ही शेवटी ऐपतीवरची बंदी ठरते.

शिवाय दुचाकीवरून जे मिळतं ते काच वर करून एसी लावलेल्या गाडीत मिळत नाही. पौडच्या पुढे भातखाचरांचा ओला वास येतो. धरणाच्या काठाने जाताना हवा अंगाला गार लागू लागते. घाटात धुकं असलं तर धबधबा आधी ऐकू येतो, मग दिसतो. गाडीत बसलेल्याला हे सगळं चित्रासारखं दिसतं. दुचाकीवाला त्या चित्रात भिजत असतो.

आता धोक्याबद्दल. ३० जून २०२४ ला लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने मावळ, मुळशी वगैरे भागांत मनाई आदेश काढले. धबधब्याच्या पाण्यात उतरायचं नाही, धोक्याच्या जागी उभं राहून रील काढायचे नाहीत, दारू प्यायची नाही. त्या आदेशाशी माझं अजिबात भांडण नाही, कारण तो वागण्यावर होता. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या जवळजवळ पाऊणपट! अशा दिवशी घाट बंदच हवा, सगळ्यांना, दोन चाकं असोत की चार.

पण डोंगराची एवढी काळजी आहे तर डोंगर खचतो कशाने, हेही विचारा ना. हा सगळा बेसाल्ट, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. वर माती, मधे भेगा, त्यांत पाणी मुरतं. अशा उताराचा पायथा बंगल्यासाठी, रिसॉर्टसाठी उभा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. मोटारसायकलच्या चाकाने दरड कोसळत नाही. माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) इथे दरडीखाली गेली ती तिथे राहणारी माणसं होती, सहलीला आलेली नव्हती. आणि मुळशीकडून डोंगराने आणि माणसाने काय काय द्यावं? १९२१ साली मावळे शेतकरी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या जमिनींसाठी सत्याग्रहाला उभे राहिले, त्या जमिनी आज त्या सुंदर तलावाच्या तळाशी आहेत. उरलेल्या उतारावर आता प्लॉट पडताहेत. त्यावर कट्टा गप्प. कारण कट्ट्यावरच्या दोघांचे प्लॉट तिथेच आहेत!

असो. याचा अर्थ दुचाकीवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असा नव्हे. पोरांनो, आता तुमचा तास. सायलेन्सर फोडून घाटात गाडी का रेकवता? ज्या वळणावर तुम्ही गाडी आडवी पाडून दाखवता, त्याच वळणावरून शाळेची मुलं छत्री सांभाळत चालत येतात. तो रस्ता त्यांचा रोजचा आहे, तुमचा फक्त रविवारचा. अरुंद घाटात उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हे १९८९ पासून नियमांत लिहिलेलं आहे. किती जणांना ठाऊक आहे? पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. आणि हेल्मेट! हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणारं आमचं हे पुणं. डोक्यापेक्षा पगडीची काळजी जास्त.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पौडला नाकाबंदी करा. फोडलेले सायलेन्सर, विनाहेल्मेट डोकी, प्यायलेले चालक तिथूनच परत पाठवा, चारचाकीतले प्यायलेलेसुद्धा. घाटात थांबायला दोन-तीन धड जागा करा, तिथे स्वच्छतागृह बांधा. हे कष्टाचं काम आहे. बंदीचा कागद काढायला पाच मिनिटं लागतात, म्हणून बंदी सुचते. वर्गात चार मुलं दंगा करतात म्हणून शाळेला कुलूप लावणारा मुख्याध्यापक मी अजून पाहिलेला नाही.

आणि शेवटचं. घाटमाथ्यावर ताडपत्रीच्या आडोशाला कणसं भाजणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या बायका आहेत. पावसाळ्यातल्या रविवारांवर त्यांचं बरंचसं वर्ष चालतं. त्यांच्याकडे थांबतो तो भिजलेला दुचाकीवाला. रिसॉर्टची गाडी त्यांच्यासमोरून चिखल उडवत पुढे जाते. उद्या बंदी आली तर रिसॉर्टचं एकही बुकिंग रद्द होणार नाही. चूल विझेल ती ताडपत्रीखालची. एवढा हिशोब करा आणि मग खुशाल ठराव मांडा.